बिनपाटीचं दुकान, पणजीचं पवित्र शास्त्र आणि चार कोरी पानं

आधी कामाचं सांगते, म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांना पुढचं वाचलं नाही तरी चालेल. जालन्यात, बाजाराच्या मागच्या एका बोळात, जुनी पुस्तकं बांधून देणारे एक चाचा आहेत. दुकानाला पाटी नाही. अर्धं शटर, बाहेर शाळांचे हजेरीपट आणि खातेवह्यांचे गठ्ठे, आत एक लाकडी शिकंजा आणि वरून लोंबणारा पिवळा बल्ब. मी माझ्या पणजीचं पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, त्यांच्याकडे बांधायला दिलं. सहा आठवडे लागले. ९०० रुपये झाले. दोन चुका झाल्या. एक त्यांनी सुधारली, दुसरी सुधारण्यासारखी नव्हती. तरीही घरातलं दुसरं जुनं पुस्तक निघालं तर मी त्यांच्याच हातात देईन.

आता पुस्तकाबद्दल. ब्रिटिश अँड फॉरेन बायबल सोसायटीचं छापील मराठी शास्त्र, पणजीला १९१० साली लग्नात मिळालेलं. आमचं मूळ बेथेलचं. जालन्याजवळ रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी वसवलेलं ते गाव. त्यांना स्वतःला मात्र १८९१ साली समुद्रप्रवासात मरण आलं, गावच्या मातीत जागा मिळाली नाही. पणजीकडून शास्त्र आजीकडे आलं. आजी बायबल स्त्री होती, म्हणजे बायकांना शास्त्र वाचून सांगणारी, छकड्यातून आणि पायी गावोगाव फिरायची, तेव्हा ते तिच्याबरोबर पिशवीत असायचं. तिच्याकडून आईकडे आलं आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये आई गेल्यावर माझ्याकडे.

माझ्याकडे आलं तेव्हा त्याची पाठ निघालेली होती. उत्पत्ती या पहिल्या पुस्तकाची पहिली सात पानं सुटी, प्रकटीकरण या शेवटच्या पुस्तकाची शेवटची कसरीनं खाल्लेली. स्तोत्रांपाशी आईनं कधीतरी सेलोटेप लावून ठेवला होता. टेप कधीच सुकून गळून पडला, पण त्याचा गोंद कागदात मुरून चहा सांडल्यासारखे तपकिरी पट्टे राहिले. माझी सगळ्यांना हात जोडून विनंती आहे, जुन्या पुस्तकाला सेलोटेप लावू नका. तो आज पान धरतो आणि वीस वर्षांनी तेच पान खातो.

संभाजीनगरला मी आधी दोन ठिकाणी दाखवलं होतं. एका झेरॉक्सवाल्यानं स्पायरल करून देतो म्हटलं, नाहीतर एकेक पान लॅमिनेट करू म्हणाला. दुसरीकडचा मुलगा चांगल्या मनानं म्हणाला, "मावशी, नवीनच घ्या ना, ह्याच्यावर कशाला खर्च करता?" नवीन माझ्याकडे दोन आहेत. ज्या चार पानांसाठी माझा जीव तुटत होता ती कोणत्याच नवीन शास्त्रात मिळणार नव्हती.

जुना करार संपतो आणि नवा सुरू होतो त्यांच्या मधे ही चार पानं आहेत. छापखान्यातून ती कोरी आली होती. पणजीनं त्यांवर पट्टीनं रेघा मारून रकाने केले: नाव, जन्म, बाप्तिस्मा, लग्न आणि शेवटचा रकाना "प्रभूकडे". सुरुवातीच्या ओळी जांभळ्या शाईत, टाकानं लिहिलेल्या, अक्षर उभं आणि दाबून. मग आजीची निळी-काळी शाई. मग आईचा बॉलपेन. ११५ वर्षांत ४७ नावं. प्रत्येकाला एक ओळ. पणजोबा छप्पन्नच्या (विक्रम संवत १९५६, म्हणजे १८९९-१९००) दुष्काळात अनाथ होऊन मिशनच्या अन्नछत्रात वाढले, पुढे ४० वर्षं शाळा चालवली, त्यांनाही एक ओळ. आणि सहाव्या ओळीत नावाच्या रकान्यात नुसतं "मुलगा" लिहिलंय. जन्म ९ ऑक्टोबर १९१८. प्रभूकडे १८ ऑक्टोबर १९१८. बाप्तिस्मा झाला नव्हता म्हणून नाव नाही.

१९१८ चा तो ताप म्हणजे इन्फ्लुएंझा. त्या शरद ऋतूत हिंदुस्थानात त्यानं लाखोंनी माणसं नेली. पणजी स्वतः वाचली, नऊ दिवसांचं बाळ वाचलं नाही. मी लहानपणी आजीला विचारलं होतं, नाव नाही तर लिहिलं कशाला? आजीनं हातातलं निवडायचं ताट खाली ठेवलं आणि म्हणाली, "तो आला होता ना? मग?"

मी ३४ वर्षं नर्स होते, त्यातली जास्तीत जास्त बाळंतकक्षात. तिथं पहिला मिनिट आणि पाचवा मिनिट मोजायचा असतो. बाळाचा रंग, हालचाल, श्वास, रडणं, ठोके. नवजात बाळाचं हृदय मिनिटाला १२० ते १६० वेळा धडधडतं, आपल्या जवळजवळ दुप्पट. बोटांखाली ते ठोके लागले की वाटतं चिमणी धरलीये. मी किती बाळं धरली त्याचा हिशेब ठेवला नाही, पण एवढं नक्की की त्यांतली काही माझ्या हातातच थांबली. अशा वेळी आम्ही नोंदवहीत वेळ लिहायचो आणि पुढच्या टेबलाकडे वळायचो, कारण तिथं दुसरी बाई कळा देत असायची. घरी आल्यावर मला ती सहावी ओळ आठवायची. नऊ दिवसांच्या बाळाची ओळ ४० वर्षं शाळा चालवणाऱ्याच्या ओळीइतकीच लांब आहे. पणजीनं रकान्यांची रुंदी कोणासाठी बदलली नाही.

तर चाचांकडे कशी गेले ते सांगते. आमच्या चर्चच्या मंडळीतल्या एका भावानं नाव सुचवलं. राखेचा बुधवार होता, ईस्टरआधीच्या उपवासकाळाचा पहिला दिवस, ५ मार्च २०२५. सकाळी पाळकांनी कपाळाला राख लावली, तू माती आहेस आणि मातीला मिळशील हे ऐकून मी तशीच बोळात गेले. चाचांनी आधी माझ्या कपाळाकडे पाहिलं, मग चेहऱ्याकडे. "अरे, सिस्टर! हमारे छोटे के टाइम आप ही थे." जालन्यात मला हे महिन्यातून एकदा तरी ऐकायला मिळतं आणि दरवेळी मला तितकाच आनंद होतो. छोटा आता सीड कंपनीत कामाला आहे.

त्यांनी पुस्तक घ्यायच्या आधी बाहेर ठेवलेल्या माठातल्या पाण्यानं हात धुतले, पुसले आणि दोन्ही हातांनी घेतलं. पानं उलटत गेले. मधल्या चार पानांवर थांबले. मराठी त्यांना चांगलं वाचता येतं. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग सहाव्या ओळीच्या शेजारी बोट न टेकवता दाखवलं. तिथं कागदाला बारीक दोन भोकं होती आणि त्यांच्या भोवती गंजाचा डाग. टाचणीचा. कधीतरी त्या ओळीपाशी काहीतरी टाचून ठेवलेलं होतं, आणि ते कधीतरी गळून गेलं. मी ते पान शंभर वेळा पाहिलं असेल, भोकं मला कधी दिसली नव्हती.

"बुजा दूँ?" त्यांनी विचारलं.

मी नको म्हटलं.

काम कसं करतात ते मी दोन सकाळी तिथं स्टुलावर बसून पाहिलं, म्हणून खात्रीनं सांगू शकते. आधी सगळ्या पानांवर आतल्या कोपऱ्यात पेन्सिलीनं बारीक आकडे घातले. मग जुनी पाठ सोडवली. जुना सरस चिक्कीसारखा कडकडत तुटला. पुस्तक जुजांचं बांधलेलं होतं, म्हणजे दुमडलेल्या कागदांच्या घड्या एकात एक घालून त्या ओळीनं शिवलेल्या. बऱ्याच जुजांची घडी मधोमध फाटली होती. प्रत्येक फाटलेल्या घडीला त्यांनी पातळ टिश्यूची पट्टी लावली. त्यासाठीची खळ ते स्वतः शिजवतात, मैद्याची, त्यात चिमूटभर मोरचूद टाकून, म्हणजे कसर लागत नाही. मोरचूद विषारी असतं म्हणून खळीची वाटी कायम वरच्या फळीवर. नातवंडं दुकानात आली की पहिल्यांदा त्यांची नजर वाटीकडे जाते.

मार्चमध्ये जालन्यात हवा इतकी कोरडी की खळ लावेपर्यंत सुकते. म्हणून ते पहाटे फजरच्या नमाजनंतर बसतात आणि दहा वाजता हे काम थांबवतात. दिवसा हजेरीपट, रात्री काही नाही. उशीर का होतो याचं उत्तर यातच आहे. मी पहिल्या दोन आठवड्यांनंतर जरा कुरकुर केली होती, ती आता मागे घेते.

शिवण दाभणानं, मेण लावलेल्या दोऱ्यानं. प्रत्येक जूज उघडायचं, मधल्या घडीतून दोरा घालायचा, फितीभोवती वळवायचा, खालच्या जुजाशी गाठ मारायची. एकेक करत सगळं शास्त्र त्यांच्या मांडीवर वाढत गेलं. स्तोत्रसंहितेपाशी आले तेव्हा कडेची पानं काळपट दिसत होती, इतक्या बोटांनी तिथं उलटलेली. "ये हिस्सा सबसे ज्यादा पढा है किसी ने," ते म्हणाले. मी सांगितलं, तीन बायकांनी.

त्या तिघींना सगळ्यात जास्त लागणारी स्तोत्रं म्हणजे ९० आणि १०३. आमच्या घरी कोणी गेलं की ९० वं वाचतात. आमचं आयुष्य सत्तर वर्षांचं, शक्ती असली तर ऐंशी, आणि आम्हाला आमचे दिवस मोजायला शिकव, असं ते मागणं आहे. आई ८६ ची झाली. शेवटच्या आठवड्यात मी ते वाचत असताना तिनं हातानं थांबवलं आणि म्हणाली, "सहा वर्षं वरची दिली बघ त्यानं. हिशेब करून ठेव." मी हिशेब केला. त्या सहा वर्षांत ती माझ्या मुलीच्या लग्नात बसून सगळी गाणी म्हणाली. कोरोनातून उठली. दर गुरुवारी शेजारच्या दोन म्हाताऱ्यांना वाचून दाखवायची, कारण त्यांना दिसत नव्हतं आणि हिला थोडं दिसत होतं.

१०३ व्या स्तोत्रात माणसाचे दिवस गवतासारखे म्हटले आहेत. रानातल्या फुलासारखा फुलतो, वारा वाहून गेला की नाहीसा, आणि त्याची जागाही त्याला पुन्हा ओळखत नाही. मराठवाड्यातल्या माणसाला हे कोणी समजावून सांगावं लागत नाही. मृगाचा पहिला पाऊस झाला की आठ दिवसांत बोडके माळ हिरवे होतात, पोळ्यापर्यंत गवत गुडघ्याला लागतं, दिवाळीनंतर पिवळं पडतं आणि मग कुसळं. साडीच्या काठाला चिकटतात, पायमोज्यातून टोचतात. मार्चच्या वाऱ्यानंतर तिथं काही होतं हेच कळत नाही. आजीनं त्या ओळींच्या शेजारी पेन्सिलीनं लिहिलं होतं: "पाऊस आला. २२ जून" आणि पुढं साल.

इथं चाचांची ती चूक आली. मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की कटर लावू नका, कारण आजीनं समासात लिहिलंय. त्यांनी बाजूच्या कडेला लावलाही नाही. पण खालची कड झिजून फार चिघळली होती, ती सरळ करताना अगदी दोरभर कागद गेला, आणि त्यात त्या सालाचे शेवटचे दोन आकडे अर्धे कापले गेले. मला वाटतं ते १९७३ असावं, बहात्तरच्या दुष्काळानंतरच्या पावसाचं. त्या दुष्काळात आजी रस्त्याच्या कामावरच्या बायकांच्या पोरांना सांभाळायची, दुपारी सुकडी वाटायची. म्हणजे तो पाऊस तिनं लिहून ठेवला असणारच. पण आता खात्रीनं सांगता येत नाही आणि याचं मला खरंच वाईट वाटलं, अजून वाटतं. मी चाचांना दाखवलं. त्यांनी चष्मा लावून पाहिलं, खाली बसले, आणि शंभर रुपये कमी घेईन म्हणाले. मी पूर्ण पैसे दिले. पण तुम्ही कोणी पुस्तक दिलंत तर समासात जिथं जिथं हातानं लिहिलंय तिथं कागदाची चिठ्ठी घालून द्या. तोंडी सांगणं पुरत नाही.

दुसरी चूक सोपी होती. काळ्या रेक्झिनवर सोनेरी अक्षरांत "पवित्र शास्त्र" हवं होतं, ठसे जुळवणाऱ्याकडून "शास्र" होऊन आलं. त्यांनी न बोलता पुठ्ठा बदलला. म्हणूनही आठवडा वाढला.

आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला बसले ते. तिसऱ्या आठवड्यात त्यांचा फोन आला. "सिस्टर, नाम लिखने के पन्ने तो भर गए. कोरे कितने डालूँ?"

मी पटकन दहा म्हटलं. फोन ठेवला आणि मग रात्रभर तेच डोक्यात. दहा पानं कोणासाठी? सकाळी पुन्हा गेले. चाचांनी आपला हिशेब केला होता. "सौ साल में चार लगे. और चार डालता हूँ. एक ताव मोडा तो चार होते. बाकी ऊपरवाला." आणि त्यांनी एक चांगला, जरा जाड कागद काढून मधोमध दुमडून दाखवला. त्यावर अजून काहीच नव्हतं.

मी त्या कोऱ्या कागदाकडे पाहत असताना मला ३० सप्टेंबर १९९३ आठवला. किल्लारीचा भूकंप. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या रात्री गणपती बोळवून लोक उशिरा झोपले होते. आमची टीम पोचली तेव्हा लातूरच्या पुढं रस्त्यावर गाड्यांची रांग होती आणि वरून पाऊस. तिथली घरं दगडमातीच्या जाड भिंतींची, वर माळवदाची मणामणांची माती. तीच उन्हाळ्यात गारवा द्यायची, तीच अंगावर आली. मी त्या दिवसांबद्दल फार बोलत नाही. पण चौथ्या दिवशी एका तंबूत एक बाई बाळंत झाली. तिच्या घरातलं दुसरं कोणी उरलं नव्हतं. मुलगी झाली, लगेच रडली, चांगली खणखणीत. बाहेर लोक उभे राहिले, कोणी काही बोलेना. चार दिवस तिथं सगळं रडणं एकाच जातीचं होतं, आणि हे दुसरं. जन्मवेळ लिहायला माझ्याकडे कागद नव्हता, सगळे कागद ओले झाले होते. मी पेननं स्वतःच्या तळहातावर लिहिलं, सकाळी ७:४०. दिवसभर हात धुवायची वेळ आली की मनगटावर पाणी घ्यायचे.

बऱ्याच वर्षांनी मी पुन्हा तिकडे गेले. गाव दुसरीकडे वसवलंय, रस्ते सरळ. जुन्या गावठाणात वेड्या बाभळी आणि दगडांचे ढीग. माझ्याबरोबरच्या आजोबांना स्वतःच्या घराची जागा सापडेना. इथं असेल, नाही, तिथं. ते तीन वेळा फिरले आणि एका दगडावर बसले. स्तोत्रातली ती ओळ मी आयुष्यभर ऐकत आले, जागा ओळखत नाही म्हणून, पण तिचा अर्थ मला त्या दिवशी कळला.

आणि तरी ते स्तोत्र तिथं थांबत नाही. पुढच्याच ओळीत आहे की परमेश्वराची दया मात्र अनादिकालापासून अनंतकालापर्यंत. जागा विसरते, तो विसरत नाही. माझा यावर विश्वास आहे. मी तो पुस्तकातून घेतला नाही, बाळंतकक्षात कमावला. प्रभू येशूनंही गवताचीच गोष्ट काढली होती: रानातलं गवत, जे आज आहे आणि उद्या भट्टीत पडतं, त्यालाही देव असा पोशाख घालतो की शलमोनाच्या वैभवात तसा नव्हता. लहानपणी आजीच्या चुलीपुढं बसून मी हे ऐकलंय. ती पऱ्हाट्या, तुराट्या, वाळलेल्या तरवडाच्या काटक्या चुलीत सारायची. तरवड फुलतो तेव्हा असा पिवळा की डोळे दिपतात, आणि आजी म्हणायची, "बघ, जळणासाठी उगवलेल्याला एवढं सजवायचं कशाला? तरी सजवतो." त्या नऊ दिवसांच्या बाळालाही त्यानं सजवलं असणार. नखं, पापण्या, केसांचा भोवरा, सगळं पूर्ण. मी इतक्या नवजात बाळांच्या पापण्या पाहिल्यात, अर्धवट केलेली एकही नाही. जे एक तास जगलं त्याचीही नाही. नऊ दिवस टिकणार म्हणून त्यानं काम हात राखून केलं नाही.

पणजीनं त्या पानावर एकच बाहेरचं नाव लिहिलंय. ५ एप्रिल १९२२, पंडिता रमाबाई. नात्यातल्या नव्हत्या, पणजीनं त्यांना पाहिलं होतं की नाही तेही कोणी सांगितलं नाही, पण केडगावच्या मुक्तिसदनाची बातमी जालन्यापर्यंत येत असे आणि पणजीला त्या घरातल्याच वाटल्या. रमाबाईंची मनोरमा, एकुलती एक, आदल्या वर्षी १९२१ मध्ये गेली होती. अंगात ताकद उरली नव्हती, तरी शास्त्राच्या मराठी भाषांतराचं काम त्यांनी जायच्या आधी हातावेगळं केलं. ६४ पूर्ण व्हायला थोडे दिवस बाकी होते. मीही आता ६३ ची आहे. चाचा दाभणानं रमाबाईंच्या ओळीचं पान शिवत होते तेव्हा माझ्या मनात हे आकडे होते, आणि त्यांच्या हातातला दोरा एकसारखा सरकत होता.

मी चार पानं म्हटलं.

शास्त्र मला १९ एप्रिलला मिळालं, ईस्टरच्या आदल्या दिवशी. हातात घेतल्यावर पहिल्यांदा जाणवलं की ते आता सपाट उघडतं. पूर्वी स्तोत्रांपाशी धरून ठेवावं लागायचं, नाहीतर आपोआप मिटायचं. शिवण घट्ट पण ताठ नाही. पाठीला आतून कापड आहे, त्यामुळे कणा मोडायची भीती नाही. सेलोटेपचे डाग गेले नाहीत, ते जाणारही नाहीत असं त्यांनी आधीच सांगितलं होतं. टाचणीची भोकं तशीच आहेत. नव्या कागदाचा रंग जुन्यापेक्षा पांढरा आहे, ते मला आधी खटकलं. आता वाटतं तसाच असू दे.

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही नेहमीप्रमाणे कब्रस्तानात उपासना केली. आईच्या कबरीला दोन दिवसांपूर्वी चुना दिला होता, मेणबत्तीच्या उजेडात तो अजून ओलसर दिसत होता. आजूबाजूला एप्रिलचं गवत, सगळं पिवळं, पायाखाली कुरकुर करणारं. पाळकांनी प्रभू उठला आहे म्हटलं, आणि आम्ही सगळ्यांनी तो खरोखर उठला आहे म्हटलं, आणि तेवढ्यात पलीकडच्या लिंबावर कोतवाल पक्षी ओरडायला लागला. आई असती तर म्हणाली असती, त्याचाही आवाज मंडळीत धरा.

घरी येऊन मी दौतीतली शाई काढली. बॉलपेननं लिहायचं नव्हतं. आईची ओळ जुन्या शेवटच्या पानावर आहे, जन्म १९३८, आजीच्या अक्षरात. शेवटच्या रकान्यात मी तारीख लिहिली. तिच्या खाली माझी ओळ, माझाही शेवटचा रकाना कोरा. त्यावर मी थोडा वेळ बोट ठेवलं. मग नवं पान उघडून पट्टीनं रेघा मारल्या, पणजीच्या रकान्यांची मापं घेऊन, तेवढ्याच रुंदीचे. माझ्या मुलीला फेब्रुवारीत पुण्यात मुलगी झाली, पहाटे ४ वाजून १० मिनिटांनी, वजन २ किलो ८००. पहिल्या ओळीत तिचं नाव लिहिलं. बाप्तिस्म्याची तारीख अजून ठरायची आहे. मुलगी फोनवर विचारत होती, वेळेचा रकाना नाही तर वेळ कुठं लिहिणार? मी समासात लिहिली, पेन्सिलीनं, कडेपासून चांगली दोन बोटं आत.

जाणार असाल तर: दुकान सकाळी ६ ते १० आणि दुपारी ४ नंतर उघडं असतं, शुक्रवारी दुपारी बंद. फोनवर भाव सांगत नाहीत, पुस्तक पाहूनच सांगतात. आगाऊ पैसे मागत नाहीत. पुस्तक सुती कपड्यात गुंडाळून न्या, प्लॅस्टिकच्या पिशवीत नको, आत घाम धरतो. परत मिळाल्यावर आठ दिवस वजनाखाली ठेवा आणि पूर्ण उघडू नका असं ते बजावतात. मी दुसऱ्याच दिवशी उघडलं.